बापू विहिरीपाशी उतरणार होते

डायवरबापूंनी ती गाडी पसंत केली नव्हती.

आमच्या गावात आज कोणालाही विचारा, तो याच्या उलट सांगेल. बापूंनी पाहिली, बापूंनी आणली, आणि बापूंच्या भरवशावर माझ्या धाकट्या भावाचा पाय गेला, असं सांगेल. गाडीच्या दलालाने बापूंना काहीतरी दिलं असावं, हेही हळूच सांगेल. खरं काय ते दोघांनाच माहीत होतं. त्यातले बापू गेल्या वर्षी वारले. दुसरा मी. माझं वय आता बहात्तर आहे आणि हे लिहायला मी अकरा वर्षं उशीर केला आहे.

बापूंनी तीस वर्षं सरकारी बस चालवली. आदिलाबादहून निघायचं, गुडीहत्नूर, नेरडीगोंडा करत घाट उतरून निर्मलला जायचं आणि परत यायचं. निवृत्त झाल्यावरही खाकी शर्ट त्यांनी सोडला नाही. भर मे महिन्यात गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. गल्लीत चालताना वळायचं झालं की उजवा हात बाहेर काढायचे आणि मागे पाहून मगच वळायचे. त्यांची बायको दारातून ओरडायची, "मागं कोनती लॉरी येऊन राह्यली तुमच्या? म्हशीले बी समजत नाही तुमचा हात!" बापू शांतपणे म्हणायचे, "म्हशीले समजत नाही म्हनूनच दाखवा लागते."

कोणाच्याही घरी गेले तरी रस्त्याकडे पाठ करून बसत नसत. आणि कोणाच्या गाडीत बसायची वेळ आली तर पुढच्या सीटवर कधी बसत नसत. म्हणायचे, "पुढं बसनाऱ्याले रस्ता दिसते, गाडी दिसत नाही. गाडी मागून पाहा लागते."

गावात आधी ट्रॅक्टर आले, मग मोटारसायकली आणि मग चारचाकी. चारचाकी घेताना लोक बापूंना सोबत नेऊ लागले. त्यासाठी ते एक पैसा घेत नसत. चहा घ्यायचे, तोही काम झाल्यावर. त्यांचं म्हणणं असं, की घरची गाडी म्हणजे फार लहान नको आणि फार मोठी नको. चौघं आरामात बसली पाहिजेत, पाचवा जमवून घेईल, आणि म्हातारी खिडकीपाशी. म्हणून गाडी पाहायला जाताना घरातली सगळ्यात म्हातारी बाई सोबत घ्या, असा त्यांचा हट्ट असायचा. तिला तीनदा गाडीत चढायला आणि उतरायला लावायचे. तिसऱ्यांदा उतरताना तिने दाराची चौकट धरली, की बापू नकारार्थी मान हलवायचे.

दुसरी परीक्षा टमाट्यांची. माझा धाकटा भाऊ भाजीपाला करतो. त्याच्या मळ्यातले पिकलेले टमाटे टोपलीत भरून बापू डिकीत ठेवायचे आणि गाडी सगळ्या गतिरोधकांवरून न्यायला सांगायचे. मग टोपली उतरवून एकेक टमाटा हातात घेऊन पाहायचे. किती फुटले त्यावरून गाडीचे धक्के झेलणारे पाटे कसे आहेत ते ठरायचं. फुटलेल्या टमाट्यांचं सार गाडी घेणाऱ्याच्या घरी व्हायचं.

आमच्या गावच्या शाळेतले एक मास्तर नवी गाडी घ्यायला आदिलाबादच्या शोरूममध्ये गेले, तेव्हाची गोष्ट आहे. मीही होतो. टाय लावलेला पोरगा हिंदीतून सांगत होता, "अंकल, पाँच लोग आराम से बैठते हैं।"

बापूंनी विचारलं, "पाँचवां कौन?"

पोरगा हसला. बापूंनी मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "तुम बैठो. बीच में."

एका बाजूला मास्तरांची बायको, दुसऱ्या बाजूला मास्तरांची सासू आणि मधल्या उंचवट्यावर पाय ठेवून, गुडघे हनुवटीला लावून तो पोरगा. तसं मास्तरांनी त्याला गुडीहत्नूरपर्यंत नेलं आणि परत आणलं; पुढे मी होतो, बापू शोरूमच्या दारातच थांबले. सासूबाई वाटभर त्याची एकेक चौकशी करत होत्या, लग्न झालं का, आई काय करते. उतरल्यावर त्याला नीट उभं राहता येईना.

"अब बोलो," बापू म्हणाले, "कितने लोगों की है?"

"साढ़े चार की है, अंकल."

"हां. अब सच बोला." मास्तरांनी ती गाडी घेतली, आणि बापू तिच्यातूनच गावी आले.

ते गाडीतून गावी आले, हे मी मुद्दाम लिहिलं. कारण बापू गाडीबद्दल तोंडाने काहीच सांगत नसत. पसंत असली तर त्याच गाडीत मागे बसून यायचे आणि हायवेच्या फाट्यावर मारुतीच्या देवळासमोर उतरायचे. नापसंत असली तर गाडी पाहिली तिथूनच चालत निघायचे. बस मिळाली बसने, ट्रॅक्टर मिळाला ट्रॅक्टरने, पण त्या गाडीत पुन्हा पाय ठेवायचे नाहीत. फाट्यावर बसलेली माणसं वाट पाहत असायची. बापू गाडीतून उतरले, की कोणीतरी नारळ आणायला धावायचं. मग काही विचारायचं उरत नसे.

मी एकदा विचारलं होतं, "बापू, तोंडानं हो-नाही सांगायले काय होते?"

"अरे, गाडी विकनारा बी कोनाचा तं सोयरा असते. नाही म्हटलं की भांडन. मी चालत गेलो तं माह्यासंगं कोन भांडन?"

आमच्या घरी गाडीचं निघालं तेव्हा आई ऐंशीच्या घरात होती. तिचे गुडघे गेले होते आणि दर महिन्याला तिला आदिलाबादच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. मी किराणा दुकान चालवायचो, धाकटा शेती पाहायचा आणि घर एकत्र होतं. धाकट्याचं मत होतं की लहान का होईना, नवी गाडी घ्यावी. तेवढ्याच पैशात मला जुनी पण मोठी, लांब डिकीची, चांदीच्या रंगाची गाडी हवी होती. निर्मलच्या एका दलालाकडे तशी होती. मी घरात सांगायचो की आईला पाय लांब करता येतील, डिकीत वांग्याचे चार कॅरेट मावतील. खरं कारण वेगळं होतं. माझ्या मुलाच्या सोयरिकीचं बोलणं निर्मलला चाललं होतं. मुलीकडच्यांच्या दारात त्या गाडीतून उतरताना मला दिसायचं होतं.

धाकटा फार बोलणारा नाही. तो म्हणाला, "बापूले ने. बापू फाट्यावर उतरले तं माहं काई म्हननं नाही."

एप्रिल संपत आला होता. आई, बापू आणि मी बसने निर्मलला गेलो. दलालाने गाडी धुऊन पुसून उभी केली होती. "अन्ना, एकदम कंडिशन में बंडी है. डॉक्टर की थी."

आई तीनदा चढली, तीनदा उतरली. चौकट धरली नाही. वर म्हणाली, "बाजेवानी हाये रे." मला बरं वाटलं. बापू मागच्या सीटवर बसले, पायाखालची चटई उचलून तिचा वास घेतला. मग सीटबेल्ट ओढायला लागले. आपण बांधायला ओढतो तेवढा नाही, अगदी संपेपर्यंत. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. पट्टीवर आडवी पिवळट रेघ होती आणि तिच्या आतल्या बाजूला वाळलेला गाळ. त्यांनी तो नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवला.

बापू गाडीतून उतरले आणि काही न बोलता दाराबाहेर चालू लागले. मी मागे धावलो.

"बापू, एक वेळ तोंडानं सांगा. येवढ्यात काय झालं?"

ते थांबले. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच गाडीबद्दल बोलताना ऐकलं. "हे गाडी पुरात बुडाली होती. सीटपर्यंत पानी होतं. आतल्या वायरी सडून राह्यल्या असतीन. आज चालन, उद्या चालन, अन एक दिवस मधातच बंद पडन. घेऊ नको."

इतकं स्पष्ट सांगून ते बस पकडायला निघून गेले.

मी दलालाकडे परतलो. तो म्हणाला, "दो दिन घर ले जाओ अन्ना, घरवालों को दिखाओ. पसंद नहीं तो वापस." मी चावी घेतली. मनात म्हटलं, आई आहे सोबत, उन्हात बसने कशी नेऊ? असं काहीतरी कारण मनाला पटतंच.

निर्मलबाहेरच्या थांब्यावर बापू उभे दिसले. सावली नव्हती. खाकी शर्ट पाठीला चिकटला होता. बापूंची फाट्यावरची रीत घरात बसणाऱ्या आईला ठाऊक नव्हती. तिने मला गाडी थांबवायला लावली आणि काच खाली केली.

"ये डायवर, बस नं आत."

"नाही मावशी, येते माही बस."

"बस कवा येईन? टाळू तापून मरशीन. बस म्हनतो ना मी!"

"नाही मावशी. तुमी व्हा पुढं."

आईने दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला. "तू नाही बसत तं मी बी उतरतो. दोघं बी उन्हात उभं राहू."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत राहिलो. ते आईचा पाय आत ठेवून तिच्या शेजारी बसले.

घाट चढून नेरडीगोंडा गेलं तोवर आई झोपली होती. बापू मागून हळू आवाजात म्हणाले, "धाकट्याले आजच सांग, पट्ट्यावर काय होतं ते. अन मले देवळापर्यंत नेऊ नको. अलीकडं विहिरीपाशी उतरव. मी जातो पायी."

"हो बापू," मी म्हणालो.

आमच्या गावाची विहीर रस्त्याला लागूनच आहे. तिथून देऊळ दिसतं आणि देवळावरून विहीर दिसते, पण माणूस ओळखू येत नाही. विहीर जवळ आली तेव्हा माझा पाय ब्रेकवर जायला हवा होता. मला देवळासमोर उभा असलेला धाकटा दिसत होता, त्याच्याभोवती दहा-बारा माणसं दिसत होती. मागून बापू म्हणाले, "थांबव." मी ऐकलं. गाडी हळू झाली नाही.

मी देवळासमोर गाडी उभी केली. बापूंना उतरावंच लागलं. कोणीतरी "आले, आले" म्हणालं. धाकटा पुढे आला, वाकून बापूंच्या पाया पडला आणि त्याने गाडीच्या चाकापाशी नारळ फोडला. बापूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला नाही, आईला उतरवण्यात मी गुंतलो आहे असं दाखवलं. धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून ते एवढंच म्हणाले, "सकाळी येतो मी घरी. घाई नोका करू."

सकाळी ते आले. पण त्याआधीच मी धाकट्याला पहाटे उठवून त्याच गाडीतून निर्मलला नेलं होतं. आम्ही व्यवहार पुरा करून, गाडीला हार घालून परत आलो. दुपारी बापू दुकानात आले. मी साखर बांधत होतो.

"त्याले सांगितलं?"

"सांगतो, बापू. आज सांगतो."

"तूच सांग. मी सांगितलं तं तुमच्या दोघायच्या मधात येईन ते. पन सांग."

मी सांगितलं नाही. पावसाळा गेला, गाडी छान चालत होती. मुलाची सोयरीक जमली. मला वाटू लागलं की बापूंचंच चुकलं असेल.

दिवाळीच्या आधी धाकटा सकाळी वांगी घेऊन निर्मलला निघाला. घाट उतरताना वळणावर इंजिन बंद पडलं. स्टेअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा झाला. गाडी कठड्याला आदळून थांबली, खाली गेली नाही. धाकट्याचा उजवा पाय गुडघ्यापासून निकामी झाला.

मेकॅनिकने गाडी उघडली तेव्हा तिच्या पोटात सगळीकडे वाळलेला गाळ निघाला. ते गावभर झालं. पुरातली गाडी, आणि बापूंना दिसलं नाही? फाट्यावर पोरं त्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "बापूले आता चष्मा पायजे." मोठी माणसं म्हणायची, "चष्मा नाही, दलालानं डोये झाकायले दिलं असंन काही." त्यानंतर गावात कोणीही बापूंना गाडी पाहायला नेलं नाही. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "मीच बसवलं त्याले गाडीत. माह्या मिठाले नाही जागला तो."

मी दवाखान्याच्या आवारात बापूंना गाठलं होतं. ते धाकट्याला पाहायला आले होते, पण आईने त्यांना आत येऊ दिलं नव्हतं. बाहेर लिंबाखाली उभे होते. मी म्हणालो, "बापू, मी सांगून टाकतो सगळ्यायले."

ते लिंबाच्या खोडाला टेकले. मग म्हणाले, "तुले मी तोंडानं सांगितलं. गावाले गाडीत बसून सांगितलं. गाव बसल्याचंच ऐकते. मले बसायले नोको होतं." दवाखान्याच्या दाराकडे पाहून म्हणाले, "आता सांगशीन तं म्हातारी दोन पोरायच्या मधात मरन. ते हाये तवर राहू दे."

आई त्यानंतर चार वर्षं जगली. बापूंनी मला जी मुदत दिली होती, ती तिच्या तेराव्याला संपली. बापू त्यापुढे सहा वर्षं जगले. त्या सहा वर्षांसाठी माझ्याकडे कोणतंही कारण नाही. गाडी देवळापर्यंत नेली तो एका दुपारचा मोह होता. ही सहा वर्षं मोह नव्हता. त्या काळात बापू रोज दुकानासमोरून जायचे, वळताना हात दाखवायचे, आणि माझ्याकडे पाहून कधी थांबले नाहीत, कधी तोंडही फिरवलं नाही. शेवटी आजारी पडले. त्यांच्या मयतीला फार माणसं नव्हती. धाकटा आला नाही. मी गेलो, आणि चार माणसं काय बोलतात ते ऐकून गप्प परत आलो.

गेल्या महिन्यात धाकट्याच्या मुलाने गाडीचं काढलं. त्याला दोन लहान मुलं आहेत, बाप पाय दुमडून बसू शकत नाही. मधल्या आकाराची, मागे ऐसपैस जागा असलेली नवी गाडी घ्यायचं त्याचं चाललं आहे. संध्याकाळी अंगणात तो फोनवर एकेक गाडी दाखवत होता. ही लांब आहे पण मागे बसायला खोल आहे, ही उंच आहे पण डिकी लहान आहे. धाकटा बाजेवर बसून ऐकत होता. मुलगा हसत म्हणाला, "कोनतीबी घेऊ. फकत डायवरबापूसारखा पारखी नोको."

धाकटाही थोडं हसला.

मी म्हणालो, "बापूंनी नाही म्हटलं होतं."

मग सगळं सांगितलं. पट्ट्यावरची रेघ, तळहातावरचा गाळ, थांब्यावर आईने खाली टाकलेला पाय, विहीर. पहाटेची निर्मलची फेरी. दवाखान्यातला लिंब. सांगताना मी कोणाकडे पाहिलं नाही. मुलगा फोन हातात धरून उभा राहिला. मला वाटत होतं, धाकटा ओरडेल, काठी उचलेल. मी त्याची तयारी ठेवली होती.

त्याने निकामी पाय हाताने उचलून सरळ केला. मग मुलाला म्हणाला, "तू आत जाय."

मुलगा गेला.

"मी मळ्यात जातो ते त्यायच्या ओट्यापुढूनच," धाकटा म्हणाला. "रोज सकाळी बसून राहेत. रोज म्हनत, 'राम राम धाकटे, कसा हाये पाय?' दहा वर्षं, दादा. मी एक दिवस वळून पाह्यलं नाही. एकदा तं त्यायच्या ओट्यावर थुंकलो. त्यायनं धोतरानं पुसलं अन दुसऱ्या दिवशी पुन्ना म्हनले, राम राम."

त्याने काठी बाजेवर आडवी ठेवली.

"पायाचं सोड. पाय तं गेला. पन ते थुंकनं कोनाचं, दादा? तुव्हं का माहं?"